दोन आळी आणि एक डांगर

आमच्या घरात ‘डांगर’ हा शब्द अजूनही कुणी सहज तोंडातून काढत नाही. काढलाच, तर समोरचा लगेच विचारतो, “कापून खायचं का शिजवून?” मुलांना वाटतं, यावरून कधीतरी मोठं भांडण झालं असणार. झालंच होतं. पण त्या भांडणाच्या आधी आम्ही सासू-सुना ज्या एकमतानं नांदलो, तसं एकमत पुढं कधी झालं नाही, आणि खरं म्हणजे तेव्हाही झालेलं नव्हतं.

मी बार्शीची, दिली भूमला. अंतर म्हणाल तर सकाळच्या यष्टीत बसावं आणि जेवायला पोचावं. पण माझ्या लहानपणी मधे निजामाची हद्द होती, हद्दीवर नाका होता; पलीकडं जायचं म्हणजे परमुलखात जायचं. माझं लग्न झालं तोवर मराठवाडा मुंबई राज्यात आला होता आणि कचेरीवरच्या उर्दू पाट्या जाऊन मराठी लागल्या होत्या. नाका उठला. शब्द मात्र आपापल्या बाजूला होते तिथंच बसून राहिले, आणि हे मला कुणी सांगितलं नाही.

सासरी आम्ही चौघं. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणे, निजामाच्या अमदानीत दफ्तरात कारकून होते. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, यांचं माहेर पार गोदेकाठी, वैजापूरच्या अंगाला. मामंजींची नोकरी तिकडं असताना सोयरीक जुळली होती. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. आणि चौथी मी, बार्शीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेली. झाडाला लागलेली भाजी मी लग्नाआधी पाहिलेली नव्हती. माझ्या समजुतीनं भाजी बाजारात उगवायची.

घरामागं परस होतं, चांगलं ऐसपैस. पण भूमला उन्हाळ्यात पाण्याची जी ओढ असते, ती परस बघत नाही. विहिरीचं पाणी झाडाला घालणं म्हणजे गुन्हाच. न्हाणीतून निघालेलं पाणी चर काढून मागं नेलं होतं, आणि चौघांच्या आंघोळीवर दोन आळी जगत. एका आळ्यात एक वेल. एकदा तिसरं आळं करून पाहिलं होतं म्हणे, तर तिन्ही वेल वाळले. तेव्हापासून दर वर्षी संक्रांत झाली, की त्या दोन आळ्यांत काय लावायचं याची बैठक ओसरीवर बसायची. तहसिलीत एवढा खल जमिनीच्या वाटणीवरून होत नसेल.

मामंजींना कद्दू हवा असायचा. कद्दू म्हणजे त्यांच्या बोलीत दुधी भोपळा, हे यांनी मला कानात सांगितलं. “कद्दूनं हाजमा दुरुस्त राहतो,” असं मामंजी म्हणत, ते सरकारी हुकूम वाचून दाखवल्यासारखं. बरं, दुधी तरी कुठला? लांब का गोल? लांब पाणचट निघतो, गोल निबर होतो, असं म्हणत त्यांचं त्यांच्याशीच भांडण चालायचं. यांना टरबूज पाहिजे. त्यातही काळ्या सालीचं चांगलं का पट्ट्यापट्ट्यांचं, यावर ते मास्तरकीच्या सुरात बोलत राहायचे. टरबुजाचा वेल पाणी किती पितो, आणि हा माणूस तर दोन तांब्यांत आंघोळ उरकून बाहेर येणारा! ज्याच्या आंघोळीचं पाणी जास्त, त्याच्या मताला वजन जास्त, असा कायदा असता तर यांना ओसरीवर बसायलाही जागा मिळाली नसती.

माझ्या पहिल्या वर्षीच्या बैठकीत हे सगळं चाललं होतं आणि मी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, “औंदा कुणाचं काही ऐकायचं न्हाय. मला डांगर पाहिजे.”

मी ताट खाली ठेवलं. महिनाभर माझ्या मनात तेच होतं. डांगर म्हणजे आमच्याकडं लाल भोपळा. केशरी गराचा, जाड सालीचा, पाट्याएवढा. त्याच्या गुळातल्या घाऱ्या आमच्या आईसारख्या कुणाला जमायच्या नाहीत. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईनं डांगराचं बी फडक्यात बांधून दिलं होतं, आणि सासरी ते काढायची मला हिंमत होत नव्हती.

“आत्याबाई, मलाही डांगरच पाहिजे होतं,” मी बोलून गेले.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, तरी बघितलं.

“तुझ्याकडं खातात डांगर?”

“न खायला काय झालं! आमच्याकडं सणाला डांगर लागतंच.”

“सणाला व्हय?” त्यांचा आवाज ओला झाला. “मग आमच्यासारखंच की.”

मग त्यांनी सांगितलं, ते असं. त्यांच्या माहेरी अक्षय तृतीयेला आखाजी म्हणत, भूमला आखिती. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं नवी मातीची घागर भरायची आणि घागरीवर डांगर ठेवायचं. त्याशिवाय त्या माणसाला पाणी पोचत नाही. त्यांचा एकुलता एक भाऊ आदल्या श्रावणात गेला होता. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, घराला कुलूप. त्याच्या नावाची पहिली घागर भरायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. “ती हितं मी भरणार,” आत्याबाई म्हणाल्या. “आणि त्यावर ठेवायचं ते त्याच्याच बियाचं. उगं बाजारातलं न्हाय.”

हा भाऊ मी एकदाच पाहिला होता, माझ्या लग्नात. पंगती उठल्यावर, उष्टी काढायच्या वेळेला, खांद्यावर गोणी घेऊन आला होता. दर उन्हाळ्यात तो असाच यायचा म्हणे: बहिणीसाठी गोणीभर डांगरं घेऊन, येतो म्हटलेल्या दिवसानंतर, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर. लग्नाच्या गडबडीत त्या गोणीत काय आहे ते मी बघितलं नाही. बघितलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती. त्या गोणीतल्या डांगराचं बी आत्याबाईंनी राखेत घोळून ठेवलं होतं.

घागरीवर डांगर ठेवायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं बार्शीच्या बाजारातलं डांगर उभं राहिलं. ते मातीच्या घागरीवर ठेवलं तर घागर राहील का? पण नव्या सुनेनं हे विचारायचं कसं? गोदेला पाणी भरपूर, तर तिकडं घागरीही दणकट असतील, अशी मी मनाची समजूत घातली.

झालं. एका आळ्यात त्यांचं डांगर, एका आळ्यात माझं. मामंजींचा कद्दू गेला, यांचं टरबूज गेलं. आम्ही दोघी पदर खोचून बी लावायला बसलो.

“तुझं बी लई दांडगं दिसतं गं,” आत्याबाई माझं बी चाचपत म्हणाल्या.

“बार्शीची जमीन काळी ना, आत्याबाई.” मला जमिनीतलं काय कळत होतं देव जाणे. “तुमचं नाजूक आहे.”

“वाळूतलं हाय ते. पण गोडीला बघशील!”

बघितलं, बघितलं.

वेल वर आले. माझा वेल असा सुटला, की आठवड्या-पंधरवड्यात न्हाणीच्या बुटक्या पत्र्यावर जाऊन बसला. पानं सुपाएवढी. आत्याबाईंचा वेल जमिनीवरच पसरला, पानं तळहाताएवढी. डोळे धड असलेल्या कुणाही माणसाला दिसलं असतं, की ही दोन भावंडं नव्हेत. पण वेलांपाशी राबणाऱ्या आम्हा दोघींत डोळे धड असलेली मी एकटीच, आणि मला अक्कल नव्हती. आत्याबाईंना पानं धूसर दिसायची. त्यातून त्यांच्या माहेरी डांगरवाड्या नदीच्या पात्रात, तिथं पोरींना पाठवायचे नाहीत. त्यांना डांगर ठाऊक ते गोणीतून आलेलं, वासावरून ओळखायचं. आणि लाल भोपळा त्यांना ठाऊक तो बाजारातली फोड, आणि त्याचं नाव काशीफळ.

त्या रोज सकाळी हात चाचपडत माझ्या वेलाकडं जायच्या. त्यावरचं फळ आता दोन्ही हातांत मावत नव्हतं. त्याला नाक लावायच्या, थांबायच्या. “अजून वास सुटला न्हाय,” असं म्हणून परत यायच्या. मला वाटायचं, काय ही म्हाताऱ्या माणसांची हौस! डांगराला कुठं वास येतो? पण आमच्यात एकमत होतं ना. मी म्हणायची, “सुटेल हो, आत्याबाई.”

आणि ताकीद काय दिली? “याला कुणी हात लावायचा न्हाय. माझ्या भावाचं डांगर याच्यासमोर अगदीच बारकं राहिलं. म्हणाले होते मी त्याच्याच बियाचं, पण घागरीवर हेच ठेवू. तुझं काय नि माझं काय.”

आता सांगा, यात माझी काय चूक? बाजाराचा दिवस लांब, घरात वांगं नाही, बटाटा नाही. मोठ्या डांगराला हात लावायचा नाही, असं त्यांनीच सांगितलेलं. दुसऱ्या वेलावर हिरवी-हिरवी तीन-चार बारकी फळं होती. ती काही वाढेनात. तिळाचा कूट घालून कोवळ्या डांगराची भाजी काय सुरेख लागते! मी ती तोडली. एक तेवढं पाल्याखाली राहून गेलं, ते दिसलं नाही म्हणून.

चिरतानाच काकडीसारखा वास आला. शिजल्यावर त्याचं पाणी-पाणी झालं. तिखट वाढवलं, गूळ घातला, तरी भाजी काही ऐकेना. मामंजींनी पहिला घास घेतला आणि जेवण थांबवून लोट्यातलं पाणी प्याले. ह्यांनी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं लोणचं मागितलं.

“कसली गं भाजी?” आत्याबाईंनी विचारलं.

“डांगराची.”

“कशाची?”

“डांगराची, आत्याबाई. बारक्या वेलावरच्या. तसंही ते काही मोठं होत नव्हतं.”

त्यांनी घास तोंडापर्यंत नेला होता. तो खाली ठेवला. ताटातल्या फोडी बोटानं चाचपल्या. “अगं, डांगराची कुणी भाजी करतं?”

“मग काय करतात?” मी चिडूनच विचारलं. सकाळपासून चुलीपुढं बसले होते मी.

“कापून खातात! पिकल्यावर! वासानं घर भरतं!”

“कच्चं? लाल भोपळा कच्चा खातात तुमच्याकडं?”

“लाल भोपळा?” त्या ताटावरून उठल्या. “लाल भोपळ्याचं कुणी नाव काढलं इथं?”

मग जे झालं, त्यात कोण काय बोललं याची आता वाटणी करता येणार नाही. मी म्हणाले, आमच्याकडं डांगर म्हणजे भोपळाच. त्या म्हणाल्या, तुमच्याकडच्यांना जीभ दिली कशाला देवानं. मी म्हणाले, म्हणजे ते खरबूजच की; ज्याला सगळे खरबूज म्हणतात त्याला डांगर का म्हणावं माणसानं? आणि मग त्या एकदम खाली बसल्या. “माझ्या भावाचं बी गं,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. पण उन्हाळ्यात भूमची जमीन आधीच एवढी फाटलेली असते, की तिच्याकडून आणखी काय मागायचं.

आमचे हे अशा वेळी काय करणार? घसा खाकरला आणि म्हणाले, “वास्तविक पाहता या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पश्चिमेकडं—”

“तुम्हाला ठाऊक होतं?” आम्ही दोघी एकाच वेळी ओरडलो. झालं तेवढंच एकमत.

“शब्द ठाऊक होता. वेलाकडं मी कशाला बघतोय?”

मामंजी शांतपणे दहीभात कालवत होते. “मला तर दिसतच होतं,” ते म्हणाले. “एक काशीफळाचा, एक खरबुजाचा. महिना झाला बघतोय.”

“मग बोलला का नाहीत?” आत्याबाई.

“माझा कद्दू नामंजूर झाला, तेव्हा मला कुणी विचारलं होतं?”

माणसानं रागवायचं तरी कुणाकुणावर!

संध्याकाळी ह्यांनी पाला उचलून बघितलं, तर पाल्याखाली राहिलेलं ते एक डांगर सापडलं. मुठीएवढं. आखितीला महिनाभरही उरला नव्हता. मी म्हणाले, माझा वेल उपटून टाकते, सगळं पाणी याला मिळू दे. आत्याबाई तोंड फिरवून बसल्या होत्या, तशाच म्हणाल्या, “धरलेला वेल उपटायचा न्हाय.” म्हणजे माझ्या भोपळ्यालाही मरू द्यायचं नाही, आणि ह्यालाही वाढवायचं. पाणी तेवढंच.

मग घरात आंघोळीचं जे काय सुरू झालं! दोन तांब्यांत उरकणारे आमचे हे बादलीभर पाणी घेऊ लागले. न्हाणीत स्तोत्र म्हणू लागले, म्हणजे वेळ लागावा. मामंजी दुपारी घाम आला म्हणून एक आंघोळ जास्त करत. विहिरीवरून ते पाणी ओढून कोण आणायचं? मी! सकाळी आणायचं, दुपारी आणायचं, आणि त्यांनी अंगावर ओतलं, की चराकडं बघत बसायचं. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. फक्त चराची माती हातानं सारखी करत आणि पाणी आपल्या आळ्याकडं वळवत. मी गेले, की त्यातलं थोडं माझ्या आळ्याकडंही वळवलेलं असायचं. बोलणं मात्र नाही.

डांगर वाढलं. हिरव्यावर जाळी धरली, मग जाळीखालून पिवळं दिसू लागलं. आखिती उजाडली. घागर आणली होती, वाळा घालून पाणी भरलं होतं, सांजोऱ्या झाल्या होत्या. आत्याबाई पहाटेपासून वेलापाशी.

“तोडू का, आत्याबाई?” मी विचारलं. बोलणं सुरू करायला दुसरं निमित्त नव्हतं.

“डांगर तोडत न्हाईत. पिकलं, की आपण होऊन देठ सोडतं. मग उचलायचं.”

“पण आजच पाहिजे ना?”

“पाहिजे.”

“मग?”

“मग काय? सोडलं न्हाय त्यानं.”

ऊन वर आलं. मामंजी ओसरीवरून दोनदा खाकरले. हे आत येऊन म्हणाले, पोट कधीचं कोकलतंय. आत्याबाई डांगराला नाक लावत होत्या. वास सुटला होता, मलाही आला. देठ मात्र घट्ट. तोडलं तर कच्चं तोडलं असं होणार, भावाला कच्चं देऊ कसं? न तोडलं, तर घागरीवर डांगरच नाही. या दोन्हींच्या मधे त्या बसलेल्या, मी उन्हात उभी, घाऱ्यांचं पीठ आत वाळत चाललेलं, आणि महिनाभर पाणी ओढून माझ्या खांद्यांत जीव राहिलेला नाही. मी एकदम म्हणाले, “मग घागरच आणून ठेवा की त्याच्या बुडाशी! नाहीतरी सगळं घर इथंच येऊन बसलंय!”

बोलले आणि जीभ चावली. पण आत्याबाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, “आण.”

आळ्यातली ओली माती त्यांनी स्वतःच हातानं उकरली. घागर मानेपर्यंत मातीत बसवली. मी वेल दोन्ही हातांनी धरून जरासा उचलला, त्यांनी डांगर अलगद घागरीच्या तोंडावर टेकवलं. देठ तसाच वेलाला. यांनी पाठ असलेलं तेवढं म्हटलं. मामंजींनी टोपी सारखी करून नमस्कार केला. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “हे काय गं, घागर पेरली का काय?”

जेवायला घाऱ्या होत्या. न्हाणीच्या पत्र्यावरच्या त्या अगडबंब डांगराच्या, म्हणजे भोपळ्याच्या, म्हणजे काशीफळाच्या. मामंजींनी भरपूर खाल्ल्या, आणि “कद्दूही असता तर बरं झालं असतं” असं म्हणालेच. आत्याबाईंनी एक खाल्ली, मग दुसरी मागून घेतली. मला तेवढं पुरलं.

डांगर तिथंच घागरीवर होतं. नंतर एका दुपारी, जेवणं आटोपून मी भांडी घासायला मागं बसले होते, आणि मागं काहीतरी टपकन वाजलं. वळून बघितलं, तर डांगर घागरीवरून घरंगळून मातीत पडलेलं. मी हाक मारली. आत्याबाई आल्या, खाली बसल्या, चाचपून उचललं आणि देठाची मोकळी जागा अंगठ्यानं बघितली.

“आला,” त्या म्हणाल्या. “जेवणं झाल्यावर. मेल्याची सवय काही गेली न्हाय.”

आणि हसता हसता त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

डांगर कापलं. एवढ्या आंघोळी, एवढं पाणी, एवढं सगळं करून निघालं कसं? फिक्कं. गर मऊ, वास घरभर, पण गोडी बेताची. मी फोड तशीच गिळली. ह्यांनी “वाळूची जमीन नसल्यामुळं—” असं सुरू केलं, तर मामंजींनी त्यांना हातानं गप्प केलं.

आत्याबाईंनी फोड संपवली, बी ओंजळीत गोळा केलं आणि मला म्हणाल्या, “बघत काय बसलीस? गूळ आण. आणि चुलीतली राख आण थोडी.”